उचल, वळ, टेक

या गावात कोणी कोणाला काही उचलू देत नाही. विमान, बस आणि मग दुधाच्या गाडीतून आदळत मी इथे उतरले, तर माझी बॅग तिघांनी ओढून घेतली. पुढे बादली, बाजाराची पिशवी, एकदा तर नुसती छत्री! अहो, मी फिजिओथेरपिस्ट. माणसांना स्वतःच्या पायावर उभं करायला समुद्र ओलांडून, फुकट राबायला आलेली, आणि इथे मलाच कोणी हलू देईना.

मला राहायला जागा दिली सुतार आजोबा आणि आजींच्या घरी, मागच्या खोलीत. आजोबांना अर्धांगवायू झालेला, डावी बाजू लुळी. तपासलं तेव्हाच मी सगळ्यांना सांगितलं, "पायात जीव येतोय. आत्ता चालवलं तर चालतील. हयगय केलीत तर जन्माचे खाटेवर." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि दुसऱ्या सकाळी थोरला आणि धाकटा, दोन्ही मुलगे, त्यांना खुर्चीसकट उचलून अंगणात घेऊन निघाले.

"अहो, खाली ठेवा त्यांना!" मी ओरडले.

"म्हातारं माणूस, ताई. पडले म्हणजे?" थोरला म्हणाला.

आजोबांच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या वाटणीवरून बिनसल्यापासून दोघा भावांचा अबोला. पण घरातलं जड काम घरच्यांनीच मिळून करायचं, ही इथली रीत. म्हणून तोंडं फिरवून यायचे, खुर्चीला हात घालायचे, "उचल", "वळ", "टेक" एवढं म्हणायचे आणि आपापल्या घरी चालते व्हायचे.

मी किती डोकं फोडलं! आजींना समजावलं, आजोबांना दटावलं. माझ्यासमोर पाऊल टाकायची वेळ आली की आजोबा कण्हायला लागत, "नाही गं जमत, पोरी." घरच्यांनी लाडावून ठेवलंय, दुसरं काय! संतापाने मला घास गोड लागेना.

एका दुपारी व्यायामाचा पट्टा विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परत आले. आजी शेजारी गेल्या होत्या. आजोबा खिडकीशी उभे होते. कसलाही आधार नाही. उजव्या हाताने चौकटीचा फुगलेला कोपरा पॉलिश पेपरने घासत होते, चांगले रंगात येऊन.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आजोबा! नाटक करताय? माझ्याशी?"

ते दचकून खुर्चीत बसले. "हळू बोल गं. बस आधी."

"बसत नाही! मी काय गंमत म्हणून आलेय इथे?"

"मी चालायला लागलो तर ही पोरं कशाला येतील?" ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत बोलतात एकमेकांशी. तीन शब्द का होईनात."

"आणि पाय? असेच बसून राहिलात तर आखडेल, कायमचा. मग खरंच उचलावं लागेल."

"उचलतील की," असं म्हणून आजोबा चक्क हसले.

मला कीव यायला हवी होती. नाही आली. दोन धट्टेकट्टे बाप्ये हट्ट सोडत नाहीत, म्हणून बापाने पाय घालवायचा? हा कुठला न्याय? संध्याकाळी दोघे आले, खुर्चीला हात घातला, आणि मी आडवी गेले.

"तुमचे वडील उभे राहू शकतात. तुम्ही दोघं यावं म्हणून पांगळे होऊन बसलेत. पाय गेला तरी चालेल म्हणतात. लाज वाटू द्या जरा!"

आजोबांनी डोळे मिटून घेतले.

थोरल्याने खुर्ची सोडली. वाटलं, आता तरी भावाकडे वळेल. "म्हणजे रोज आमच्याकडून हमाली करून घेतलीत," असं वडिलांना म्हणाला आणि पुढच्या दाराने निघून गेला. धाकटा मागच्या दाराने. एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, मेल्यांनी!

कोणी म्हणेल, तुला कोणी सांगितला होता हा चोंबडेपणा? पाय वाचवायला सांगितलं होतं ना मला? मग!

आजोबा उठले. मी सवयीने हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. उजवा पाय टाकत, डावा फरपटत, न कण्हता ते पुढच्या दारापर्यंत गेले. चौकट धरून थोरल्याच्या वाटेकडे बघत राहिले. धाकट्याची वाट तिथून दिसत नव्हती. म्हणून ते पुन्हा फिरले आणि सगळी खोली ओलांडून मागच्या दाराकडे चालत निघाले.