एका संध्याकाळची गल्ली

कॉरीननं चॉकलेटांची नवी पिशवी दातांनी फाडली आणि वाडग्यात उपडी केली. तोवर दारातून पुन्हा आरोळी आलीच.

"चॉकलेट द्या, नाहीतर खोडी काढू!"

पायऱ्यांवर दोन भुतं, एक डायनासोर आणि स्वतःच्याच चादरीत अडखळणारं कुणीतरी उभं होतं.

"टेस, एकेकच दे गं. जत्रा लोटलीय नुसती."

सहा वर्षांची टेस मधमाशी होऊन वाटप करत होती. कॉरीनचा नवरा डेल धाकट्या वायटला घेऊन घरोघर फिरायला गेला होता, पण टेस त्यांच्याबरोबर गेली नाही. मुलं आपल्या दारात आलेली तिला बघायची होती.

घर पाहावं बांधून म्हणतात. कॉरीन आणि डेलनं पाहिलं ते गेल्या वर्षी अशाच सोंगांच्या संध्याकाळी, हॅलोविनला. टल्साहून डेलची बदली झाली, इंडियानापोलिसच्या आसपास घर शोधणं सुरू झालं. कुठेही गेलं की कॉरीन दलालीणबाईला विचारायची, इथे लहान मुलं आहेत का? ती हात जोडायची. असलं काही सांगणं कायद्यात बसत नाही, तुम्हीच एकदा चक्कर मारून बघा, म्हणायची. म्हणून हॅलोविनला पोरांना सजवून ते इथे आले. आणि काय सांगावं, फुटपाथवर पोरांची रीघ!

आता जे त्यांचं घर आहे, त्याच्या शेजारच्या घराच्या पायरीवर जॅनीन वाडगा घेऊन बसली होती.

"ही सगळी इथलीच का हो?" कॉरीननं विचारलं होतं.

"तर! दिवसभर कलकलाट असतो नुसता," जॅनीन म्हणाली होती. तिचा मुलगा एलियट तेवढ्यात टेसचा हात धरून तिला मांजराचं पिल्लू दाखवायला घेऊनसुद्धा गेला.

राहायला आल्यावर सगळं कळलं. ही पोरं फक्त हॅलोविनला हमरस्त्यापलीकडून मोटारींत भरून यायची. इथे फुटपाथ होते, दिवे होते आणि लोक चॉकलेट देताना हात आखडत नसत. बाकी वर्षभर गल्लीत म्हातारी माणसं आणि पाला उडवायच्या यंत्रांची घरघर. शाळेच्या बससाठी कोपऱ्यावर टेस आणि एलियट, बस्स.

"तोंडावर खोटं बोलली सटवी," असं डेलला सांगून कॉरीननं जॅनीनशी अबोला धरला तो धरलाच. ऑगस्टमध्ये जॅनीनच्या नवऱ्याचीही बदली झाली. निघताना तिनं गाडीची काच खाली केली.

"राग धरू नकोस गं. एलियटला कुणीच नव्हतं."

कॉरीन कुंड्यांना पाणी घालत राहिली.

तेव्हापासून शेजारी 'विकणे आहे'ची पाटी होती आणि कॉरीनला रुसायलाही कुणी उरलं नव्हतं. दार वाजलं तर पार्सलवाला. तोही पुडकं ठेवून पाठमोरा झालेला असायचा.

"किती छान गल्ली आहे हो!"

कॉरीननं वर पाहिलं. पोटाशी बाळ बांधलेली एक बाई समोर उभी होती. तिची परी झालेली मुलगी टेसजवळ पायरीवर टेकली होती.

"आम्ही ओमाहाहून येणार आहोत, घर बघतोय," बाई म्हणाली. "ही सगळी मुलं इथलीच का?"

कॉरीनच्या अगदी ओठांवर आलं होतं. वर्षभर जॅनीनला मनातल्या मनात ऐकवलेलं सगळं. कोपऱ्यावर लागलेल्या मोटारींकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं.

खाली टेस स्वतःची मधमाशीच्या मिशांचा पट्टा काढून परीच्या डोक्यावर चढवत होती.

"इथलीच आहेत," ती मान वर न करता म्हणाली. "आम्ही रोज खेळतो."

कॉरीनचा हात वाडग्यातच राहिला. मग टेसनं आईकडे पाहिलं. कुठल्या खेळण्यासाठीसुद्धा पोरीनं कधी असं पाहिलं नव्हतं.

बाई उत्तराची वाट बघत होती.

कॉरीननं ओंजळभर चॉकलेटं परीच्या पिशवीत टाकली.

"शेजारचं घर विकायचंय," ती म्हणाली. "मागे झोपाळाही आहे."