ट्रकची स्प्रिंग

वैशाखात वऱ्हाडातली मोटारही उन्हाला भिते. इंजिनाच्या कडेचा पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात बसकण मारते. त्यावर इथल्या ड्रायव्हरांचा एकच इलाज: पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि थांबत थांबत त्यावर पाणी शिंपडायचं. अकोटच्या कापसाच्या जिनाचे मालक खुशालराव यांचा ड्रायव्हर देवमन हेच करायचा. एकसष्टच्या उन्हाळ्यात खुशालराव अमरावतीला लग्नाला गेले. तिथे मांडवापुढे कोणीतरी बॉनेटखाली डोकावून विचारलं, "काहून हो, मोटारीले ताप आला का?" लोक हसले. खुशालरावांना कोणी हसलं की त्याचे भोग दुसऱ्याच कोणाला भोगावे लागत.

गावी येताच त्यांनी गाडी एसटी स्टँडजवळच्या नत्थुजी मिस्त्रीकडे धाडली. फडकं दिसता कामा नये आणि गाडी बसता कामा नये, एवढाच हुकूम. नत्थुजी म्हणजे देवमनचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, मैनाचा, थोरला भाऊ. दोघे मेव्हणे छप्पन्न साली एकाच ट्रकमधून नागपूरला दीक्षेला गेले होते. नत्थुजीकडून गाडी परत आली ती फडक्याशिवाय, आणि बसायचीही थांबली. पण धूर काळा येऊ लागला, बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास नाकात झोंबू लागला आणि टाकी बघता बघता रिकामी होऊ लागली. देवमनने मालकांना हे सांगून पाहिलं. मालकांनी त्याला जिनाच्या आवारात बोलावलं.

हंगाम संपला होता, सरकी काढायची यंत्रं बंद होती. खुशालरावांच्या हातात यंत्राच्या तुटक्या चामडी पट्ट्याचा तुकडा होता.

"पेट्रोल कोनाले इकतं?"

"इकत नाई मालक. गाडीच पेऊन राहिली."

पहिला फटका मानेवर बसला, दुसरा कानावर. दोन गड्यांनी देवमनला फाटकाच्या खांबाशी धरलं. पाठीवर सदरा फाटला, मग कातडी फाटली.

"नागपूरले जाऊन आला तवापासून तुही मान लय वर हाय," खुशालराव म्हणाले. "घेनाऱ्याचं नाव सांगशीन, नाई तं हा हात गाठीच्या प्रेसखाली देतो. मंग चालव गाडी."

ही नुसती धमकी नव्हती. खुशालराव बोलले ते करत. कापसाच्या गाठी दाबणारं ते प्रेस शेडमध्ये उघडंच उभं होतं आणि गडी देवमनला तिकडे ओढूही लागले होते. ड्रायव्हरचा उजवा हात गेला म्हणजे त्याचं पोट गेलं, हे गड्यांनाही कळत होतं. पण दुसऱ्याचे हात चिरडताना गडी डोळे मिटून घ्यायला शिकलेले असतात.

बातमी ऐकून मैना तेवढ्यात धावत आली. नवऱ्याची पाठ पाहून ती रडत बसली नाही. खुशालरावांपुढे जाऊन म्हणाली, "माहा भाऊ मिस्त्री हाय. त्याले गाडी पाहू द्या. चोरी निंगाली तं काय करता ते करा." खुशालरावांनी गड्यांना थांबायची खूण केली, तशी ती स्टँडकडे पळाली आणि भावाला त्याच्या हत्यारांच्या पिशवीसकट हाताला धरून घेऊन आली.

नत्थुजीने बॉनेट उघडलं. आत हातसुद्धा न घालता बंद केलं.

"पंप ठीक हाय मालक. गाडीत कायी खोट नाई."

मैनाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. देवमनला मात्र नीट ऐकू आलं, कारण लगेच पट्टा पुन्हा बसला, या वेळी तोंडावर. ओठ फुटला.

"एकडाव मले खोलू द्या," देवमन रक्त थुंकत म्हणाला. "मंग हात घ्या."

तमाशा फुकटचा होता, खुशालराव बाजेवर टेकले. देवमनने पंपाची नळी कार्बोरेटरवरून काढली आणि तिच्या जागी एका बाटलीतून काढलेली नळी जोडली. मैनाला पेट्रोल भरलेली ती बाटली वर धरायला सांगितली. इंजिन सुरू केलं. बाटलीतून सावकाश उतरणाऱ्या पेट्रोलवर ते स्वच्छ चाललं, धूर नाही की वास नाही. मग त्याने पुन्हा पंपाची नळी लावली. लगेच कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल दुधासारखं उतू गेलं आणि इंजिन काळा धूर ओकत बंद पडलं. पेट्रोल चोरीला जात नव्हतं, पंप ते जास्त जोराने रेटत होता. हे बाजेवरच्या माणसालाही कळलं.

पंप किती जोराने रेटेल ते आतली स्प्रिंग ठरवते. देवमनने पंप खोलला तर आत जाड तारेची, ट्रकच्या पंपाची स्प्रिंग कोंबलेली. वाफेला हरवायला कोणीतरी जोर वाढवून ठेवला होता. त्याने न विचारता नत्थुजीची पिशवी ओढून जमिनीवर उपडी केली. गाडीची मूळ नाजूक स्प्रिंग त्यात होती. ती बसवली, पंप आवळला. गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

"हे तुहं काम," खुशालराव नत्थुजीला म्हणाले.

"तुमीच म्हनलं होतं मालक, फडकं नाई दिसलं पायजे..." नत्थुजी देवमनकडे वळला. "भेव वाटला मले. जवाईबापू, लेकरंबाकरं हायेत मले."

खुशालरावांनी स्वतः हात उचलला नाही. त्यांनी पट्टा देवमनच्या हातात दिला. "तुयावर आळ यानं आनला. मार त्याले."

देवमनने मारलं. पहिला फटका कदाचित हुकमाचा असेल, पुढचे त्याचे स्वतःचे होते. नत्थुजी गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. डोक्यावर धरलेल्या त्याच्या हातांवर वळ उठले, ते फुटून रक्त आलं, तरी देवमन थांबेना. सकाळपासून अंगात साठलेलं सगळं त्याला कुठेतरी ओतायचं होतं. खुशालराव थोडा वेळ बघत राहिले, समाधानाने हसले. "घरचं भांडन घरात मिटलं," म्हणाले आणि चहा सांगून सावलीत निघून गेले. त्यांच्या मागोमाग गडीही गेले.

आवारात तिघेच उरले. मैनाने पुढे होऊन नवऱ्याचं मनगट पकडलं. पेट्रोलने भिजलेला तिचा हात मनगटावर उडालेल्या रक्ताने लाल झाला.

"मालक तं गेले," ती म्हणाली. "आता कोनासाठी मारून राहिले तुमी?"

देवमनचा हात वरच राहिला.