इंजिनात अडकलेले पितर

पंचवटीतल्या भाजीबाजाराशेजारी त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक जुनी, लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स कार बंद पडली होती. बॉनेटवर कुंकू आणि सडकी लिंबं. शेजारी यंत्रानंदबाबा!

"कार्बुरेटरात पितर अडकलेत!" बाबा गरजले. "शनी पेट्रोलात बसलाय. पाना लावाल तर निर्वंश होईल!"

सुमेधाला शिसारी आली. अंबडच्या कारखान्यात ती इंजिनिअर होती. गाडी तिच्या भावाची, वेणीमाधवची. एके काळी तो दर रविवारी बाह्या सरसावून गाडीखाली शिरायचा. पण गेल्या उन्हाळ्यात बाबांनी बंद गाडी चालू करून दाखवली, आणि तेव्हापासून बॉनेट उघडायचं ते फक्त बाबांनी. दर अमावास्येला रेडिएटरात तीर्थ. बाकी देखभाल बंद.

बाबांनी गोदेच्या पाण्यात भिजवलेलं भगवं फडकं इंजिनात एका जागी ठेवलं आणि बराच वेळ पुटपुटले. चावी फिरली, इंजिन घुरघुरलं. जयजयकार झाला. वेणीमाधवनं तेलकट धुळीत कपाळ टेकलं. सख्ख्या भावाचं ते कपाळ सुमेधाला बघवेना.

फडकं कुठे ठेवलं, ते मात्र तिनं नीट पाहिलं होतं.

"बाबा, इंजिन असंच चालू राहू द्या," ती पुढे झाली. एप्रिलचं ऊन. वीस मिनिटांत गाडीनं पुन्हा मान टाकली. "आता मंत्र तोच म्हणा, फक्त फडकं कोरडं ठेवा."

"शंकेखोराच्या सावलीत मंत्र चालत नाही!"

"मग मी लांब उभी राहते."

"करा की बाबा!" गर्दीतून आवाज आला. बाबांचा नाइलाज झाला. मंत्र झाला, स्टार्टर कण्हला, गाडी ढिम्म.

सुमेधा कोथिंबीर विकणाऱ्या गोजराबाईकडे वळली. "मावशी, ते ओलं गोणपाट घेऊन या."

"मला नाय बाई यातलं काय कळत."

"कळायला नकोच. बाबांनी फडकं ठेवलं तिथंच ठेवा, पेट्रोल ओढणाऱ्या या पंपावर."

गोजराबाईनं भीत भीत गोणपाट ठेवलं. थोड्या वेळानं सुमेधानं चावी फिरवली. गाडी चालू!

"अगं बया!" गोजराबाई ओरडली. "मग माझ्याबी पाया पडा की!"

हशा पिकला. सुमेधा मात्र हसली नाही. "इंजिन फार तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. गारवा मिळाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. हेच ते पितर! आणि गाडी इतकी का तापते? तेही बघा."

तिनं इंजिन बंद केलं. ते निवल्यावर रेडिएटरचा खालचा नळ सोडला. हळद, गंज आणि नासलेलं नारळपाणी यांचा पिवळा चिखल भळभळला. माणसं नाकाला पदर-रुमाल लावून मागे सरली.

"दादा, उद्या संपदाला घेऊन वणीच्या घाटात निघणार होतास ना? हे ब्रेक ऑइल बघ. काळंकुट्ट. किती दिवस बदललं नाहीस, त्यात ओलावा शिरलाय. घाट उतरताना ब्रेक तापले की ते उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. पोरगी शेजारी बसली असती तुझ्या."

वेणीमाधवचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुठल्या गॅरेजात शिकलात?" तिनं बाबांना विचारलं. "पंप अचूक ठाऊक आहे तुम्हाला. ब्रेकचंही ठाऊक असणारच."

बाबा पुटपुटले, "मी कुणाला बोलावत नाही. लोक विश्वासानं येतात."

"विश्वासानं येतात, म्हणूनच तुमची किळस येते!"

बाबा गर्दीतून वाट काढू लागले. कुणी वाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी वेणीमाधव लेकीला घेऊन एसटीनं वणीला गेला. परतल्यावर त्यानं गाडीबरोबर आलेलं पुस्तक शोधलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, पट्टे, नळ्या; काय कधी बदलायचं ते सगळं त्यात छापलेलं होतं. शिकलासवरलेला माणूस, पण वर्षभर त्यानं ते उघडलंच नव्हतं.

यंत्राला नवस कळत नाही, वेळच्या वेळी केलेली निगा कळते. आणि जो कुणी तुम्हाला "उघडून बघू नका" म्हणतो, त्याच्या देखत आधी उघडून बघा.