सरकारची साक्षीदार

शिंपिणीनं कात्री मारली, हे कुणीच नाकारत नव्हतं. ती स्वतःही नाही. दुकान रिकामं करून घ्यायला आलेल्या मालकाच्या भावानं तिचा गळा धरला, तिच्या हाती कात्री आली आणि तो मेला. गळ्यावर बोटांचे वळ होते, डॉक्टरनं तसं लिहूनही दिलं होतं. आता तिच्यावर खुनाचा खटला भरायचा की तिला सोडायचं, हे सरकारी वकिलांच्या कचेरीनं ठरवायचं होतं.

धाकट्या वकिलाचं मत पडलं, सोडा.

"मग जा," मोठे साहेब म्हणाले. "पद्धत माहीत आहे ना?"

पद्धत अशी, की जो सोडा म्हणेल त्यानंच मेलेल्याच्या घरी जाऊन ते तोंडानं सांगायचं. दिसायला माणुसकी. आतून निव्वळ चाबूक. रडत्या आईसमोर उभं राहण्यापेक्षा कलम ठोकणं सोपं, म्हणून त्या कचेरीतले कितीतरी खटले उभे राहायचे.

धाकटा गेला. मेलेल्याची आई बटाटे सोलत बसली होती.

"सोडताय ना तिला?" तिनंच विचारलं.

त्यानं कशीबशी मान डोलावली.

"अहो, मी वाढवलाय त्याला. कसा होता ते मला नका सांगू. असले वळ मी सुनेच्या गळ्यावर पाहिलेत. कोर्टात कधी यायचं तेवढं सांगा."

धाकटा हवेत तरंगत परतला आणि तिथंच माती खाल्ली. सगळं साहेबांना सांगून टाकलं.

साहेबांची मुदत संपत आली होती. पुन्हा खुर्ची मिळणार की नाही, ते दुकानमालकाच्या गोतावळ्याच्या हातात होतं. खिडकीखाली त्याच गोतावळ्याची माणसं शिंपिणीला फाशी द्या म्हणून रोज घसा फोडत होती. साहेबांनी सावकाश चष्मा पुसला.

"झकास काम केलंत. म्हातारीला आपली साक्षीदार करून टाका. कलम खुनाचंच लावा. खटला तुम्हीच चालवा, तुमचा जीव आहे त्यात."

"पण साहेब, ती कोर्टात हेच बोलेल."

"बोलावलं तर बोलेल ना, राजा."

आपला साक्षीदार बोलवायचा की वगळायचा, ते सरकार ठरवणार. आणि शिंपिणीचा वकील कशाला म्हातारीच्या वाटेला जातोय? मेलेल्याची आई, त्यातून सरकारची साक्षीदार.

त्या वकिलाच्या कानात एक वाक्य टाकलं असतं तरी पुरे होतं. धाकट्याची बायको म्हणालीही, "सांगून मोकळे व्हा. नोकरी गेली तर माझा पगार आहे." म्हणजे पोटाचं निमित्तही उरलं नाही. तरी त्यानं सांगितलं नाही. घाबरला. याला दुसरं नाव नाही, आणि कृपा करून कुणी शोधूही नये.

साक्षींच्या शेवटच्या दिवशी म्हातारी कोर्टाबाहेरच्या बाकावर येऊन बसली होती.

"आज माझा नंबर ना हो, वकीलसाहेब?"

"बघतो, मावशी."

आत जाऊन त्यानं न्यायाधीशांना सांगितलं, मयताच्या आईची साक्ष आवश्यक नाही, सरकार ती सोडून देत आहे. समोरच्या वकिलानं आनंदानं हरकत नाही म्हटलं.

पिंजऱ्यात शिंपिणीनं मोठा श्वास सोडला. ही बाई आपल्याला फासावर नेणार, या धास्तीनं तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिनं धाकट्याकडे बघितलं आणि उपकार मानल्यासारखी मान लववली.