हिरव्या सायकलचं कार्ड

माणसाची किंमत त्याने काय मिळवलं यावर ठरत नाही, काय सोडलं यावर ठरते. हे वाक्य मी आमच्या घरात गेली पंचवीस वर्षं वापरतो आहे. बहुतेक वेळा भांडी घासायची पाळी माझी असते तेव्हा.

सोडलं म्हणजे मी तीन सायकली सोडल्या. पहिली लाल, धाकट्या भावाच्या फीसाठी. दुसरी बिनमडगार्डची, आईच्या चष्म्यासाठी. तिसरी हिरवी. हिरवीचा विषय निघाला की बायको गॅसवर काही आहे का ते बघायला उठते. डायनामो, पितळी घंटा, उतारावर दोन्ही हात सोडले तरी नाकासमोर जाणारी. सात वर्षं वापरली आणि मुलीच्या पाळण्यासाठी विकली. पाळणा आपल्या दादाने दिला होता, असं बायको एकदोनदा म्हणाली होती. पण माहेरचा विषय निघाला की माणूस थोडं वाढवून बोलतोच, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं.

मुलगी या सायकलवरच वाढली, बसायला मात्र कधी मिळाली नाही. गणितात कमी मार्क पडले की हिरवी. घरी यायला उशीर झाला की हिरवी. एकदा तिने चिडून विचारलं होतं, की पाळणा परत केला तर चालेल का.

आता ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि मी पाणीपुरवठा खात्यात नकाशांच्या खोलीत बसतो. शहराखाली कुठून कुठे नळ गेले आहेत ते फक्त मला माहीत आहे, आणि कुणी विचारत नाही. हल्ली इतकं थकायला होतं, की तक्रार करायची तरी आधी बसून घ्यावं लागतं.

शुक्रवारी मुलगी घरी आली ती दारातूनच म्हणाली, "बाबा, तुझी सायकल सापडली."

सायकल मी एका ग्रंथपालाला विकली होती, हे तिला अर्थातच पाठ होतं. जुन्या वाचनालयात चौकशी करून तिने त्यांचा पत्ता काढला होता. ते निवृत्त झाले होते, तळमजल्याच्या दोन खोल्या सोडून मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला चालले होते, आणि सायकल त्या लिफ्टमध्ये मावत नव्हती. माझ्याकडे परत जाणार असेल तर आनंदच आहे, असं ते म्हणाले होते. हे सांगताना मुलीचे डोळे भरून आले. माझेही आले. बायको काहीतरी बोलणार होती, पण नुसतं म्हणाली, "जाऊन या. येताना कपड्यांचा साबण आणा."

मला सायकल हवी होती. पण त्याहून जास्त, ती मुलीने बघायला हवी होती. एवढ्या आयुष्यात दाखवण्यासारखी माझी एकच गोष्ट, तीही दुसऱ्याच्या घरी.

रविवारी आम्ही गेलो. ग्रंथपालांच्या खोल्यांत अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं, आणि उरलेल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी होती. स्टुलाला नंबर होता. इस्त्रीला नंबर होता. आयुष्यभर पुस्तकांना लावलेली शिस्त त्यांनी घरालाही लावली होती. वस्तू कुठून आली, कधी आली, का आली, सगळं कार्डावर. त्यांची बायको हयात असताना तिलाही कार्ड होतं का, ते विचारायचा मला मोह झाला.

बोळात सायकल उभी होती. हिरवी. घंटा तीच. मी सीटवर हात ठेवला. मुलीने दुसरीकडे पाहिलं, मला डोळे पुसता यावेत म्हणून. ती तशी शहाणी आहे.

"थांबा," ग्रंथपाल म्हणाले. "कार्डाशिवाय वस्तू बाहेर जात नाही."

त्यांनी लाकडी खण ओढून कार्ड काढलं. वाचायचा चष्मा खोक्यात गेला होता, म्हणून कार्ड त्यांनी मुलीच्या हातात दिलं. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सायकल, पुरुषांची, हिरवी. विकणाऱ्याने केलेला वापर, सात महिने. इथे ती जराशी अडखळली. मग विकण्याचं कारण.

"पाय पेडलला नीट पोहोचत नाहीत. सीट खाली करून पाहिली, तरी नाही."

खाली माझी सही होती. तरुणपणी माणूस मारतो तशी, शेवटी वळसा घेऊन स्वतःलाच अधोरेखित करणारी.

"तुम्हीच सांगितलं होतंत," ग्रंथपाल म्हणाले. "मी मनचं लिहीत नाही."

मुलगी तारखेकडे बघत होती. जिच्या गणितासाठी मी ही सायकल शेकडो वेळा काढली, तिने वजाबाकी बोटं न मोजता केली.

"बाबा, मी यानंतर तीन वर्षांनी झाले."

तारीख चुकली असेल, असं मी सुचवून पाहिलं. ग्रंथपालांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्यादेखत पुस्तकाचं पान फाडलं होतं.

"तेव्हा तुझं लग्न तरी झालं होतं का?" मुलीने विचारलं.

"ठरत होतं," मी म्हणालो.

मला तिला सांगायचं होतं, की मी खोटं बोलत नव्हतो. सायकल बोळातून बाहेर गेली आणि पाळणा आत आला, हे मला दिसतं, त्या दिवशीचं ऊनसुद्धा दिसतं. पण खोटं बोललो म्हटलं असतं तर निदान हुशार तरी ठरलो असतो.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने रुमाल काढला, सीट पुसली आणि दमलेल्या पेशंटला खुर्ची द्यावी तशी सायकल माझ्यासमोर धरली.

"बस ना बाबा. आलोच आहोत तर."

मी बसलो. पेडल खाली गेलं, आणि माझा पाय त्याच्या वर चार बोटं हवेत राहिला. ग्रंथपालांनी वाकून पाहिलं आणि नोंद बरोबर निघाल्यासारखी मान डोलावली.

मग मुलगी बसली. तिचे पाय व्यवस्थित पोहोचले. उंचीला ती आईवर गेली आहे.

ग्रंथपालांनी कार्ड उलटं केलं, चाचपडत पेन उघडलं आणि मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं, की वस्तू विकणाऱ्याच्या मुलीस दिली. मग तिला नेण्याचं कारण विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काहीही सांगता आलं असतं. मी तिला तितका वाव दिला होता.

"पाय पोहोचतात," ती म्हणाली.

त्यांनी तसं लिहिलं. तिने सही केली, सरळ, बिनवळशाची.

"मागे बसतोस?" तिने विचारलं. मी कॅरिअरकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांचा विचार केला आणि नको म्हणालो. ती गेली. कोपऱ्यावर तिने घंटा वाजवली. मला उद्देशून वाजवली असावी असं आधी वाटलं, पण पुढे कुत्रं होतं.

लाल आणि बिनमडगार्डची ज्यांनी नेली, ते बहुतेक कार्डं ठेवणारे नसावेत. भावाला यंदा फोन करून फी कुणी भरली होती ते विचारावं, असा एक विचार आला. तो मी सोडून दिला.

मी साबण घेतला आणि बसने घरी आलो.