उपडा चमचा

मालकांनी तिघांच्या पुढ्यातले चमचे एकेक करून उचलले, ॲप्रनच्या खिशात टाकले आणि त्या जागी काटे मांडले.

"आम्ही सूप मागवलंय," मास्तर म्हणाले.

"हो," मालक म्हणाले. "आणतो ना."

वाटेतल्या प्रत्येक टेबलाच्या कडेला हात लावत ते भटारखान्याकडे निघाले. खिशातले चमचे किणकिणत होते. मास्तरांनी काटा उजेडात धरून पाहिला आणि तो परत ठेवताना तो नेमका सरळ आहे की उपडा, हे त्यांना ठरवता येईना.

"कळलं यांना," वहिनी हळूच म्हणाल्या. "आपण कोण ते कळलं."

मास्तर जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वहिनींचं चष्म्याचं दुकान होतं. तिसरे डॉक्टर, दातांचे. वहिनी खरं तर फक्त डॉक्टरांच्या वहिनी. पण डॉक्टर त्यांना चारचौघांत इतक्यांदा तशी हाक मारत, की वयाने चांगलेच मोठे असलेले मास्तरही त्यांना वहिनीच म्हणू लागले होते. तिघं दर बुधवारी नव्या ठिकाणी जेवायला जात. हॉटेलात बसून जेवणाविषयी बरं-वाईट काही बोलायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. आचाऱ्याच्या कानावर गेलं तर तो एक तर चढतो नाही तर खचतो, आणि दोन्हींत पुढच्या गिऱ्हाइकाचं नुकसान होतं, असं मास्तरांचं मत. म्हणून ज्याला जेवण पसंत पडेल, त्याने शेवटी आपला चमचा ताटात उपडा ठेवायचा. तिन्ही चमचे उपडे पडले, की जगाला सांगायला मोकळे.

आणि जग त्यांच्या अगदी हाताशी होतं. वहिनी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता सांगत. डॉक्टर पेशंटच्या तोंडात आरसा घालून सांगत, त्यामुळे त्यांच्या शिफारशीवर आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. मास्तरांचे जुने विद्यार्थी तर टपालापासून पोलीस चौकीपर्यंत सगळीकडे होते आणि मास्तरांनी सांगितलेलं ठिकाण शोधून काढायची त्यांना लहानपणापासून सवय होती. शुक्रवारपर्यंत त्या हॉटेलाबाहेर रांग लागे.

अडचण एकच होती. चमचे उपडे पडले, की ते हॉटेल वर्षाच्या आत बंद होई.

पहिलं दोघा भावांचं होतं. गर्दी वाढली तशी चव नक्की कुणाच्या हाताला आहे, यावरून त्यांची जुंपली. आता त्या जागेत मधोमध भिंत घालून ते मोटारींचे टायर विकतात. एक फक्त पुढच्या चाकांचे, दुसरा मागच्या. दुसऱ्या ठिकाणी सत्तरीच्या एक आजी एकट्याने सगळं करत. वहिनींनी पाठवलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी तिसऱ्यांदा वाढलं आणि चौथ्यांदा त्याच्याशी लग्न करून त्या बोटीने निघून गेल्या. तिसऱ्याचा आचारी इतका नावाजला, की त्याला भाषणांची आमंत्रणं येऊ लागली आणि बोलता बोलता स्वयंपाक मागे पडला. चौथ्याबद्दल तिघंही बोलत नसत.

हळूहळू बभ्रा झाला. तिघांचा पायगुण हॉटेलवाल्यांच्या चर्चेचा विषय झाला. मागच्या महिन्यात एके ठिकाणी त्यांना येताना पाहून 'आज सुट्टी' अशी पाटी दाराला लावली गेली होती. आत माणसं जेवत होती आणि दोघांनी काचेतून त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलंही होतं.

मालक सूप घेऊन आले. वाडगे ठेवले आणि तिथेच थांबले.

"राग मानू नका," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल ऐकून आहे मी. जेवा, पोटभर जेवा. फक्त आवडून घेऊ नका."

"ते आमच्या हातात असतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

मालकांनी यावर खरोखर विचार केला. "माझ्याही नाही," ते म्हणाले. "तुमच्या सुपात मीठ जास्त घालायचं ठरवलं होतं. मूठ भरून पातेल्यावर नेलीसुद्धा. नाही उघडली." आणि त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं, जसं एखाद्या जुन्या, कामसू पण हट्टी नोकराकडे पाहावं.

ते गेल्यावर तिघांनी वाडगे तोंडाला लावले. डाळीचं साधं सूप. वर कुरकुरीत तळलेला कांदा, तळाशी कुठेतरी लिंबू. मास्तरांचे डोळे आपोआप मिटले. मग त्यांना आठवण झाली आणि ते उगाच खोकले. भटारखान्याच्या दाराला गोल काच होती आणि त्या काचेत मालकांचा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा स्थिर दिसत होता.

पुढचं सगळंच अवघड गेलं. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं आलं, लसणाचा वास त्याच्या आधी टेबलावर पोचला. कातडीसकट तळलेला मासा आला. पाव आला, तो मोडताच वाफ निघाली. डॉक्टर मनाने हळवे. काचेतल्या माणसाला दिलासा म्हणून ते प्रत्येक घासाला दाढ दुखल्यासारखं तोंड करत. हे काम त्यांना इतकं उत्तम जमत होतं, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना लवंग देऊ केली. मास्तर खिडकीबाहेर पाहत जेवत होते. वहिनींना नाटक जमेना. त्यांनी मान खाली घातली आणि वांगं संपवलं, मग भावजींच्या ताटातलंही संपवलं.

"वर्षभरात असं खाल्लं नाही," त्या पुटपुटल्या.

"वहिनी, नियम," डॉक्टर दाढ धरून म्हणाले.

हात धुवायचं बेसिन भटारखान्याला लागून एका बोळात होतं. वहिनी तिथे गेल्या, तेव्हा मालकीणबाई तिथेच टॉवेल घेऊन उभ्या होत्या. टॉवेल देण्यासाठी उभ्या असाव्यात असं वाटलं, पण त्यांनी तो दिला नाही. दोन्ही हातांत पिळत राहिल्या.

वहिनींनीच आधी समजूत घातली. काही काळजी करू नका, आम्ही कुणाला एका शब्दाने सांगणार नाही, शिवाय चमचे तुमच्या यजमानांच्या खिशातच आहेत.

"तसं नाही, ताई," मालकीणबाई म्हणाल्या. "सांगा म्हणते मी. सगळ्यांना सांगा."

आणि मग त्या थांबल्याच नाहीत. यांचा गुडघा गेलाय. टेबलांना धरून चालतात आणि गिऱ्हाइकांना वाटतं, मालक टेबलं नीट लागलीत का ते बघतायत. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, मुलगी परगावी असते ती फोनवर रडली. एवढा हंगाम होऊ दे, म्हणतात. हॉटेलाला कसला हंगाम असतो? लोकांना भूक रोज लागते. मुलीकडे जायचं म्हणून दोनदा सामान बांधलं, दोन्ही वेळा हे बॅग हातात घेऊन दारापर्यंत आले आणि कुणी तरी जेवायला येताना दिसलं.

"माणसाचं ऐकायचे नाहीत ते," मालकीणबाई म्हणाल्या. "पनवतीचं ऐकतील. राग मानू नका हं."

वहिनींनी मानला नाही. इतक्या अदबीने त्यांना आजवर कुणी पनवती म्हटलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, की हे सगळं बंद झालं तर तुम्हाला वाईट नाही का वाटणार?

"वाटेल की. रडेन." मालकीणबाईंनी टॉवेल अखेर त्यांच्या हातात दिला. "बसून रडेन."

टेबलाशी परत येऊन वहिनींनी सगळं दबक्या आवाजात सांगितलं. डॉक्टर दाढ दुखायचं विसरले. मास्तर आधी चिडले. ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, ते म्हणाले. नद्या पात्र बदलतात, डोंगर झिजतात, त्यासाठी कुणाला चमचा उपडा ठेवावा लागत नाही. ते दोघे भाऊ आपण गेलो नसतो तरी भांडलेच असते आणि आजींच्या मनात लग्न होतंच.

"मग सांगून टाकू ना," डॉक्टर म्हणाले. "अंधश्रद्धाच आहे, तर नुकसान काय?"

"मग त्या बाईंचा फायदा तरी काय?"

वेटरने पाणी ओतलं आणि तो गेला. वहिनी म्हणाल्या, प्रश्न आपला नाहीच. आपला विश्वास असो नसो, मालकांचा आहे. पण मालकांनी चमचे उचलून एक मागितलंय, त्यांच्या बायकोने टॉवेल पिळून दुसरं. आपण तीन बाहेरचे लोक. मासा खायला आलो होतो.

डॉक्टर काट्याने पावाचे कण गोळा करत होते. त्यांच्याकडे हलत्या दातांची माणसं येतात, ते सांगू लागले. आपल्या पायांनी येतात, नंबर लावून बसतात आणि खुर्ची मागे कलली की म्हणतात, नको, राहू दे. काढल्यावर घरी जाऊन सांगतात, डॉक्टरने ऐकलं नाही. "मी कधीच कुणाला घरातून उचलून आणलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण शहरभर माझं नाव तसंच आहे."

"याचा इथे काय संबंध?" मास्तर म्हणाले.

"माहीत नाही. पण यांनी आपल्याला ओळखलं होतं ना? मग 'आज सुट्टी'ची पाटी का नाही लावली? दार स्वतः उघडलं."

बोलताना तिघांनीही माशाचा काटान् काटा साफ केला होता आणि ताटात आता बोलण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

मालक ताटं न्यायला आले. एकात एक ठेवत त्यांनी चळत केली, हातावर घेतली. प्रत्येक रिकामं ताट त्यांनी क्षणभर पाहिलं होतं. इतकं चाटूनपुसून संपवणाऱ्या माणसांनी कितीही दाढ धरली, तरी काय उपयोग?

"मालक," वहिनी म्हणाल्या. मास्तरांकडे त्यांनी पाहिलं नाही. "फार सुंदर होतं जेवण. वांगं तर... मला सांगताही येत नाही. उद्या दुकान उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकापासून सांगणार आहे."

त्यांनी आजवर कुठल्याच हॉटेलात हे वाक्य मोठ्याने म्हटलं नव्हतं. त्यांचे कान तापले.

"मीही," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी काटा बाजूला सारला. त्यांना अजून अंधश्रद्धेविषयी बरंच बोलायचं होतं. "मासा उत्कृष्ट," ते शेवटी म्हणाले, एखाद्या विद्यार्थ्याला नाइलाजाने पैकीच्या पैकी गुण द्यावेत तसे.

मालकांनी चळत परत टेबलावर ठेवली. रागावतील, हात जोडतील, बाहेर काढतील, असं तिघांनाही वाटलं. वहिनींनी तर पर्स मांडीवर घेतली. मालकांनी चौथी रिकामी खुर्ची ओढली आणि ते बसले. पाण्याचा जग घेऊन चाललेला वेटर जागीच थांबला. तो इथे लागल्यापासून मालकांना त्याने बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्या खुर्चीत मालक मावतात हेही त्याला नवीन होतं. पाय टेबलाखाली लांब करायला त्यांना बराच वेळ लागला.

"नक्की?" मालकांनी विचारलं.

"नक्की," वहिनी म्हणाल्या.

"तिघांचंही?"

मास्तरांनी मान हलवली.

मालकांनी एक मोठा श्वास सोडला. मग त्यांनी मान मागे वळवून भटारखान्याच्या दाराकडे पाहिलं, तिथे कुणी नाही याची खात्री केली, कोपर टेबलावर टेकवलं आणि पुढे झुकले. आवाज इतका खाली आणला, की तिघांनाही पुढे झुकावं लागलं.

"साधारण किती दिवस लागतात?"

उत्तर मास्तरांनी दिलं, कारण अशा गोष्टींवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता आणि तारखा मात्र त्यांनाच पाठ होत्या. टायरवाल्यांना दहा महिने, ते म्हणाले. आजींचं लवकर झालं, पण ते प्रकरण वेगळं. वर्ष धरून चला.

"वर्ष," मालक म्हणाले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, एक बोट परत उघडलं, पुन्हा मिटलं. चेहरा पडला.

"मुलीचा मुलगा आता भिंतीला धरून उभा राहतो," ते म्हणाले. "तो चालायला लागायच्या आत नाही का जमणार?"