डावी बाजू तिची

आमच्या घरी तेव्हा जाड पाठीचा टीव्ही होता. चालू केला की आधी आवाज यायचा आणि मग, त्याच्या मनात आलं तर, चित्र. समोरचा कोच मधोमध खचलेला होता. मध्ये बसणाऱ्याच्या अंगावर दोन्ही बाजूंची माणसं हळूहळू घसरत यायची. त्या वर्षी त्या कोचावर रोज संध्याकाळी आम्ही तिघं असायचो. एका टोकाला माझी लेक, दुसऱ्या टोकाला तिचा गाडीवाला, आणि मधल्या खड्ड्यात मी. आता टीव्ही भिंतीला चिकटलाय, कागदासारखा पातळ, आणि चित्र इतकं स्वच्छ की नटांच्या नाकावरची पावडर दिसते. पण ती मजा नाही.

लेक रुग्णवाहिकेवर कामाला होती. डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. हाक आली की धावायचं, पडलेल्या माणसाला पहिला हात लावायचा, श्वास बघायचा, रक्त थांबवायचं आणि दवाखान्याच्या दारापर्यंत त्याला जिवंत न्यायचं, ते काम. गाडी चालवणाऱ्याला सगळे गोगलगाय म्हणायचे. भोंगा लावलेली गाडी तो वाऱ्यासारखी न्यायचा, पण स्वतःच्या छोट्या खटाऱ्यात बसला की सायकलवालेसुद्धा त्याला मागे टाकून जायचे. "पगार चालू नसताना मी घाई करत नाही, मावशी," असं त्याचं उत्तर ठरलेलं. लेकीला तो मुद्दाम डॉक्टरीणबाई म्हणायचा, कारण ती चिडायची. शेजारणींनी त्या दोघांवरून डोळे मिचकावून पाहिले, पण तिथे पाणी मुरतच नव्हतं. त्याची बायको शाळेत शिकवायची. भेटली की मला म्हणायची, "दिवसभर तुमची लेक सांभाळते, उरलासुरला माझ्याकडे येतो. बरं चाललंय."

त्यांच्या कामात एक शिस्त होती, ती सांगायला हवी. सिग्नल लाल असताना चौक ओलांडायचा म्हणजे गाडीवाल्याला चारी दिशांना बघत बसायला वेळ नसतो. म्हणून समोरचं आणि उजवीकडचं त्याने बघायचं, आणि डावी बाजू शेजारी बसलेल्याची. शेजारचा "डावी मोकळी" म्हणाला की गाडीवाल्याने तिकडे मान न वळवता गाडी काढायची. वळवलीच, तर शेजारच्याचा अपमान. ही दोघं इतकी वर्षं एका गाडीवर होती की आमच्याकडे चहा ओततानासुद्धा लेक "डावी मोकळी" म्हणायची आणि तो टीव्हीवरची नजर न हलवता कप डावीकडे धरायचा. एक थेंब सांडला नाही कधी.

आणि एका सकाळी ती "डावी मोकळी" म्हणाली, आणि डावी मोकळी नव्हती.

थांब्यावर बस उभी होती. तिच्या आडून दुधाची गाडी आली. रुग्णवाहिकेच्या मागच्या कोपऱ्याला धक्का बसला, ती गरकन फिरली आणि खांबावर आदळली, तीही त्याच्या बाजूने. लेकीला साधं खरचटलं नाही. त्याचा उजवा हात कोपरात मोडला. ज्या म्हाताऱ्या बाईंना आणायला ते निघाले होते, त्यांना दुसरी गाडी घेऊन गेली आणि त्या बऱ्याही झाल्या. दूधवाल्याचं दूध तेवढं रस्त्याला गेलं. मोठा अपघात नव्हे, सगळे हेच म्हणत होते.

लेकीने वर्दी कपाटाच्या तळाशी टाकली आणि तोंडाला कुलूप घातलं. रस्ता ओलांडायचा झाला तर माझा दंड धरायची आणि विचारायची, "आई, मोकळं आहे का?" विचारायची कुणाला, तर एका डोळ्यात मोतीबिंदू घेऊन फिरणाऱ्या बाईला!

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन यायचा. तुझी काही चूक नाही गं. मीही तेच म्हणत होते, आई दुसरं काय म्हणणार? तिच्या स्टेशनच्या मोठ्या बाईही आल्या. कडक बाई, पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारख्या बसल्या होत्या.

"फोनवरची जागा रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "हाका घ्यायच्या, गाड्या पाठवायच्या. बसून काम. गाडीवाल्याचा हात बरा होऊन तो रुजू होईल, तोवर ठरव. गाडी की फोन. गाडी नको असेल तर त्याच्या शेजारी मला दुसरं माणूस कायमचं द्यावं लागेल."

"फोन," लेक म्हणाली.

"आत्ता नको सांगूस."

"नंतरही हेच सांगीन."

त्याच आठवड्यात गोगलगाय दारात उभा राहिला, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. "मावशी, घरचा टीव्ही बिघडलाय. तुमच्याकडे बघू का?" दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या बायकोला गाठून विचारलं. ती म्हणाली, "टीव्ही ठणठणीत आहे. नवरा बिघडलाय. येऊ दे त्याला तुमच्याकडे."

तेव्हा संध्याकाळी रुग्णवाहिकेवरची एक मालिका लागायची. सुरुवातीलाच भोंगा वाजायचा, म्हणून आम्ही तिला भोंग्याची मालिका म्हणायचो. नायिकेच्या कपाळावर केसांची एक बट होती, तिचं नाव आम्ही बटवाली ठेवलं होतं. मला ती मालिका फार आवडायची, अजूनही आवडते. लेकीला तिचा राग. पण इतक्या दिवसांच्या गप्पपणानंतर ती पहिल्यांदा तोंड उघडून बोलली ती त्या मालिकेशीच.

"ही छातीवर दाब देतेय की कणीक मळतेय?"

गोगलगायीने माझ्या डोक्यावरून तिच्याकडे बघितलं. "मऊ मळतेय पण. पोळ्या चांगल्या होतील."

"आणि बट बघ. अख्खं छप्पर अंगावर आलं, बट जागची हलली नाही."

"खळ लावत असतील."

"गाडी बघ कशी चालवतोय! शेजारी बसून ही त्याच्या डोळ्यांत बघतेय. अगं बये, रस्त्याकडे..." एवढं बोलून ती थांबली. मग उठून पाणी प्यायला गेली.

"तुम्ही दोघं असंच बोलणार असाल तर मला एक अक्षर ऐकू येत नाही," मी म्हणाले. ऐकू येत नव्हतं हे खरं, पण मला ते हवंच होतं. रोज थोडं थोडं ती बोलत होती. तिघांचा चहा झाला, बटवालीची निंदा झाली, की तो निघायचा. अपघाताचं नाव नाही, कामाचं नाव नाही. अळीमिळी गुपचिळी.

आणि मग मालिकेने घात केला. बटवालीने सोबत्याला सांगितलं, जिना पक्का आहे, चढ. तो चढला आणि जिना कोसळला. सोबती दवाखान्यात, बटवाली भिंतीला टेकून बसलेली.

"बातम्या लावू या का?" मी विचारलं. "जगात काय चाललंय ते कळायला नको?"

"राहू द्या मावशी," गोगलगाय म्हणाला.

पुढच्या भागात सगळं स्टेशन तिच्याभोवती जमलं. व्हायोलिन वाजायला लागलं. एकेक जण तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुझा काही दोष नाही. शेवटी पट्ट्या गुंडाळलेला सोबती चाकांच्या खुर्चीतून ढकलत आणला, तोही तेच म्हणाला. बटवालीच्या गालावरून एक थेंब ओघळला आणि जाहिरात लागली. जाहिरात संपली तेव्हा ती हसत हसत गाडीत चढत होती.

लेक उठली आणि तिने खटकन टीव्ही बंद केला.

"बघितलंत? साबणाच्या जाहिरातीत बरी झाली. सगळ्यांनी सांगितलं दोष नाही, की झालं. मग मी का नाही होत? मलाही सगळ्यांनी सांगितलं ना?"

खोलीत टीव्ही थंड होताना टकटक वाजत होता तेवढंच. मी तोंड उघडलं, नेहमीचं वाक्य जिभेवर होतं. पण गोगलगाय आधी बोलला.

"तुझीच होती."

"काय?"

"चूक. बस उभी होती, पलीकडचं दिसत नव्हतं. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर व्हायचं, नाहीतर 'दिसत नाही' म्हणायचं. मी थांबलो असतो. तू अंदाजाने मोकळी म्हणालीस."

मी ताडकन त्याच्याकडे वळले. "अरे, शुद्धीवर आहेस का? माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन..."

"मावशी, थांबा जरा. ही विचारेल म्हणून रोज येतोय मी. आज विचारलं."

लेक मटकन खाली फरशीवर बसली. रडेल असं मला वाटलं, पण आवाज कोरडा आला. "हो. अंदाजाने म्हणाले. त्या बसमागून कधीच कोणी येत नाही. रोजचाच चौक तो. मी बघितलंच नाही नीट."

"माहीत आहे मला."

"सगळे म्हणतात चूक नव्हती. मग ती चूक कुणाची होती? कुणी घ्यायलाच तयार नाही, आणि मी एकटी तिला मांडीवर घेऊन बसलेय." आता ती रडायला लागली, चांगली हमसून, लहानपणी रडायची तशी, नाक वाहू देत. मी माझा पदर पुढे केला. तिने तो घेतला आणि पदरातूनच म्हणाली, "माहीत होतं तर शेजारी कशाला हवी आहे मी तुला?"

"मग कुणाला घेऊ? ज्याची चूक अजून व्हायची आहे, त्याला?"

तिने पदराने नाक पुसलं.

"हात दुखतो," तो पुढे म्हणाला. "थंडीत आणखी दुखेल म्हणतात. तेव्हा तुला शिव्या घालणार आहे मी, डॉक्टरीणबाई. जन्मभर. आता शेजारी दुसराच कोणी बसला, तर त्या बिचाऱ्याने का ऐकून घ्यायच्या?"

ती पदरात फसकन हसली. पदराचं काय झालं ते विचारू नका.

पण हसली म्हणजे हो म्हणाली असं नव्हे. "माझं फोनचं ठरलंय," तिने त्याला दारातच सांगितलं. तो "बरं" म्हणून जिना उतरला. मी मागोमाग गेले आणि दबक्या आवाजात विचारलं, "येईल का रे ती?" त्याने मान हलवली. "मावशी, मला फक्त उजवीकडचं कळतं."

त्याचं प्लास्टर निघालं. हात काठीसारखा वाळलेला आणि कोपर गंजलेल्या बिजागरीसारखं. मग संध्याकाळी मालिका चालू असायची आणि तिच्याकडे कोणी बघायचं नाही. लेक त्याचा हात धरून कोपर वाकवायची, तो गुरासारखा ओरडायचा.

"हळू! जीव घेशील!"

"अजून एकदा. लहान मुलंसुद्धा इतकी ओरडत नाहीत."

"मावशी, सोडवा हो हिच्या तावडीतून!"

"मी मालिका बघतेय," मी म्हणायचे.

तो रुजू व्हायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळपर्यंत लेकीने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ती वर्दी घालून उभ्याने खात होती. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार, कारण मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "फोनवर बसायलाही वर्दीच लागते, आई." मी गिळून घेतलं. खाली गोगलगायीच्या खटाऱ्याचा हॉर्न वाजला. पहिल्याच दिवशी बसने कशाला, मी नेतो, असं म्हणून तो आला होता. ती धडधड जिना उतरली आणि डबा ओट्यावरच विसरली.

मी डबा घेऊन खिडकीशी धावले. हाक मारणार तेवढ्यात दिसलं की गाडी गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली आहे. तिथे डाव्या हाताला कुणीतरी मोठा टेम्पो लावून ठेवला होता, त्यामुळे रस्ता दिसत नव्हता. एरवी गोगलगाय अशा जागी मान लांब करून इकडे बघे, तिकडे बघे, परत इकडे बघे. त्या दिवशी तो ताठ बसला होता. समोर बघायचा, उजवीकडे बघायचा, पुन्हा समोर. डावीकडे त्याने एकदाही मान वळवली नाही. गाडीही हलवली नाही. बोलत असेल असं वाटेना.

मागून लाँड्रीची गाडी आली. तिने हॉर्न दिला. मग लांबलचक हॉर्न दिला. लाँड्रीवाला डोकं बाहेर काढून ओरडला, "अहो, निघा की! झोपलात काय?"

माझ्या हातात डबा तसाच होता. खटारा जागचा हलेना.

मग डावीकडची काच खाली झाली. लेकीचं डोकं बाहेर आलं, मग खांदे, मग ती कमरेपर्यंत बाहेर झुकली, टेम्पोच्या पुढे मान नेऊन.

"निघा हो!" लाँड्रीवाला.

"ओरडू नका!" ती तशीच लोंबकळत मागे वळून ओरडली. अख्ख्या गल्लीने ऐकलं. किती दिवसांनी तो आवाज माझ्या कानी पडला. "आजोबा येतायत काठी टेकत. दिसत नाहीत तुम्हाला, म्हणून काय नाहीत होय? थांबा जरा!"

टेम्पोच्या आडून खरंच एक म्हातारे गृहस्थ निघाले. गाडीसमोरून सावकाश गेले, तिच्याकडे बघून त्यांनी काठी थोडी उचलली. ते पलीकडे पोचले तरी ती आत गेली नाही. पुन्हा एकदा लांबवर बघून घेतलं. मग तिने टपावर दोनदा थाप मारली आणि गाडी वळली, गोगलगायीच्याच चालीने. मागून लाँड्रीवाला काय काय बोलत होता ते मी लिहीत नाही.

दुपारी मोठ्या बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच कडक होता. फोनवरची जागा अजून रिकामीच आहे, म्हणाल्या, तुमच्या ओळखीत कुणी आहे का?

"चौकशी करते," मी म्हणाले. "पण आमच्या घरातलं कुणी नाही."